फोल्डस्कोप: कोंबडीच्या पिसाच्या नळीत काय आहे ते दाखवणारा कागदी सूक्ष्मदर्शक

मी नागभीड तालुक्यात पशुसखीचं काम करते. इकडे धानासोबत घरोघरी गावरान कोंबड्या. पंख-शेपटीची पिसं मधूनच तुटायला लागली, अंगावर टक्कल पडलं, की बाया उवा मारायची भुकटी चोळतात. उवा मरतात, पिसं मात्र तुटतच राहतात. यामागचं कारण, म्हणजे पिसाच्या नळीत राहणारा बारीक कोळी (माइट), तोंडानं सांगून कोणाला पटत नव्हतं. आमच्या बचत गटानं फोल्डस्कोप घेतला, तेव्हापासून पटतं.

कागदाची घडी घालून आपणच जोडायचा सूक्ष्मदर्शक आहे हा. मेरठला जन्मलेले मनू प्रकाश आणि त्यांचे विद्यार्थी जिम सायबल्स्की यांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात तो घडवला. त्यावर त्यांचा शोधनिबंध 2014 साली आला. वस्तू सुमारे 140 पट मोठी दिसते. वीज लागत नाही, पिशवीत वहीसारखा मावतो.

हा नळीतला कोळी बघायची माझी पद्धत सांगते. पंखाचं गळलेलं मोठं पीस घ्यायचं आणि देठाची नळी उजेडासमोर धरायची. निरोगी नळी आरपार दिसते. रोगट नळी गढूळ, आत तपकिरी भुकटी साचलेली. ती ब्लेडनं उभी चिरायची, भुकटी काचपट्टीवर झटकायची, वर पाण्याचा थेंब. मग आकाशाच्या उजेडाकडे धरून कागदी पट्टी हळूहळू सरकवायची. फिकट, लांबुळक्या अंगाचे जीव दिसतात. दोन पायजोड्या पुढे, दोन मागे, मध्ये लांब पोट. आठ पाय, म्हणजे ऊ नाही. कपाशीवरच्या लाल कोळ्याच्या गोतावळ्यातला हा जीव. कोंबडीत सापडणाऱ्या जातीचं शास्त्रीय नाव सिरिंगोफिलस बायपेक्टिनेटस.

हा आतून नळीच्या भिंतीला सोंड टोचून कोंबडीच्या अंगातला रस पितो. अंडी, पिल्लं, सगळं तिथंच. कोंबडीला नवी पिसं फुटायला लागली की फळलेल्या माद्या बाहेर पडून कोवळ्या नळीत शिरतात. वरून चोळलेली भुकटी नळीच्या आत पोचणार कशी? एका आजीनं भिंगाला डोळा लावला आणि म्हणाल्या, "अवो ताई, हे त पिसाच्या आतच नांदून राहिले!" पुढे मला काही समजवावंच लागलं नाही. त्यांच्या सांदवाडीतली, म्हणजे परसातली, गळकी पिसं त्या आता गोळा करून जाळतात. औषध मात्र डॉक्टरांना विचारूनच. अंडी घरात खायची असतात, विकायची असतात.

दुसरा उपयोगही मोठा आहे. पिसाच्या पात्यावर फिरणारे कोळी वेगळे. त्यांतले बरेच पिसावरचं तेल नि बुरशी खाऊन राहतात, त्यांना घाबरायचं कारण नाही. रात्री कोंबडीचं रक्त पिणारा लाल कोळी (हा कपाशीवरचा नव्हे) दिवसा खुराड्याच्या फटीत लपतो. तो सापडला तर कोंबडीइतकीच खुराड्याची सफाई हवी. कोणता जीव आहे ते कळलं की औषधाचा फुकट खर्च वाचतो.

आधी आम्ही दुसऱ्या एका कंपनीचा, मोबाइलला वायरनं जोडायचा स्वस्त सूक्ष्मदर्शक आणला होता. त्यात सगळं धूसर, पाय मोजताच येत नव्हते. फोल्डस्कोपला चुंबकानं मोबाइल चिकटवता येतो, फोटो डॉक्टरांना पाठवता येतो. हात स्थिर ठेवायला थोडा सराव लागतो, पावसाळी दिवसात बल्ब लागतो. काचपट्ट्या असलेला संचच घ्या, पाण्याचा थेंब त्यावर नीट बसतो.