आठ महिने वापरलेला जुना डेस्कटॉप आणि लॉगिनला अडलेला मराठी कीबोर्ड

नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, म्हणजे सीबीएसजवळ, माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसाचे अर्ज, कधी एखादी लग्नपत्रिका. विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि माझ्या जुन्या मशीनवर विंडोज ११ चढत नव्हतं. म्हणून नोव्हेंबरमध्ये शहरातल्या एका दुकानातून चौथ्या पिढीचा आय-फाईव्ह, ८ जीबी रॅम, एसएसडी असा सेकंडहँड डेस्कटॉप घेतला. कीबोर्ड-माउससकट साडेनऊ हजार. त्यावर त्यांच्याकडूनच झुबुंटू (विंडोजऐवजी चालणारी लिनक्सची मोफत सिस्टिम) टाकून घेतलं. तीन महिन्यांनी अनुभव लिहायचा असं ठरवलं होतं, तेव्हा "पैसे वसूल" एवढं लिहून मोकळी झाले असते. मग मार्चमधला तो सोमवार आला.

सकाळी नऊ वाजता मशीन चालू केलं. पासवर्ड टाकला, चुकला. परत टाकला, परत चुकला. कॅप्स लॉक पाहिलं, बंद होतं. मदतीला येणाऱ्या मुलीने तिच्या खात्यातून बघितलं, तिचाही चुकला. समोर दिंडोरीहून आलेले एक शेतकरी प्रतिज्ञापत्रासाठी बसलेले. त्यांना साडेअकराला कचेरीत उभं राहायचं होतं. पाऊण तास वाट बघून ते दुसरीकडे गेले. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण ते चार वर्षांपासून माझ्याकडेच येतात.

ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्यांचाच मुलगा दुपारी आला. दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "ताई, सिस्टिम करप्ट झालीय. फॉरमॅट मारावं लागेल. सातशे होतील, आणि आजचे व्हिजिटचे साडेतीनशे." फॉरमॅटला मी नाही म्हटलं, आत चार महिन्यांचं काम होतं. साडेतीनशे मात्र द्यावे लागले.

तो गेल्यावर अण्णा डबा घेऊन आले. अण्णांचं वेगळं खातं आहे, पासवर्ड नुसत्या आकड्यांचा. ते बसले, टाकटाक आकडे मारले आणि मशीन उघडलं! मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही काय केलंत?" "काही नाही गं, नेहमीसारखंच." मी बाहेर पडून तोच पासवर्ड टाकला तर चूक. परत ते बसले, परत उघडलं. तेव्हा बघितलं, अण्णा आकडे उजवीकडच्या कीपॅडवरून मारतात. त्यांचं सगळं आयुष्य हिशेबाच्या नोकरीत गेलं, बोटं तिकडेच जातात. मी मारत होते वरच्या ओळीतले.

तिथे डोक्यात प्रकाश पडला. लॉगिनच्या यादीत "अदर" असा पर्याय होता, त्यात नाव टाईप करायची चौकट येते आणि तिथे ठिपके नसतात, अक्षरं दिसतात. मी इंग्रजीत शहराचं नाव मारलं: एन, ए, एस, एच, आय, के. चौकटीत आलं "लोेपगक". म्हणजे लॉगिनला कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टमध्ये (देवनागरी कळांच्या सरकारी मांडणीत) बसला होता. एनच्या जागी ल, एच्या जागी ओकार, एसच्या जागी मात्रा, एचच्या जागी प. वरच्या ओळीतला 1 हा आकडासुद्धा देवनागरी १ म्हणून जात होता. कीपॅडवरचे आकडे तेवढे इंग्रजीच राहतात, म्हणून अण्णांचं खातं उघडत होतं. मी ऑल्ट-शिफ्ट दाबलं, माझा पासवर्ड टाकला आणि आत गेले. सिस्टिमला काहीसुद्धा झालेलं नव्हतं.

आता हे झालं कसं, ते नीट सांगते, कारण मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ येऊ शकते. आदल्या शनिवारी मी त्याच मुलाकडून मदतनीस मुलीचं खातं करून घेतलं आणि म्हटलं, "मराठी सगळीकडे येऊ दे." त्याने सिस्टिमच्या कीबोर्डच्या फाईलमध्ये आधी भारतीय आणि मग अमेरिकन असा क्रम लिहिला. आत गेल्यावर माझ्या खात्याची स्वतःची सेटिंग लागते, त्यामुळे शनिवारी काहीच जाणवलं नाही. पण लॉगिनचा पडदा माझ्या खात्यात चालत नाही. तो वेगळ्याच वापरकर्त्याच्या नावाने चालतो, आपण डेस्कटॉपवर काय ठेवलंय हे त्याला ठाऊक नसतं. तो सिस्टिमची फाईल वाचतो आणि त्यात जे पहिलं लिहिलंय ते घेऊन उभा राहतो. बंद करून सोमवारी चालू केलं, तेव्हा तो पहिल्यांदा समोर आला.

दुरुस्ती मी स्वतः केली. इटीसीच्या आत डिफॉल्ट, त्यात कीबोर्ड नावाची फाईल, उघडायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो. त्यात एक्सकेबीलेआउटची ओळ असते (लेआउट म्हणजे कळांची मांडणी). तिथे आधी यूएस (म्हणजे इंग्रजी), स्वल्पविराम, मग आयएन (म्हणजे भारतीय). मध्ये जागा सोडायची नाही. खालच्या व्हेरियंटच्या (लेआउटच्या उपप्रकाराच्या) ओळीत स्वल्पविरामाचा हिशेब वरच्याशी जुळावा लागतो. मराठीचा भाग रिकामा ठेवला की इनस्क्रिप्ट मिळतो, तिथे मराठी कागपा लिहिला तर उच्चाराप्रमाणे चालणारा लेआउट येतो. एका वेळी चारच लेआउट बसतात. मोबाईलवर आपण रोमनमध्ये लिहितो आणि मराठी उमटतं, तसल्या सोयी लॉगिनला चालू नसतात, तिथे नुसता लेआउट चालतो.

इनस्क्रिप्ट का, असं मदतनीस मुलगी विचारते. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो ठरवला, १९९१ च्या भारतीय मानकात तो आला, आणि कुठल्याही मशीनवर बसा, कळा तिथेच असतात. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. माझ्या कामात "शेतकऱ्यांचा" हा शब्द दिवसातून वीसदा येतो. शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरक्या रेघेची कळ, की ऱ्य तयार. ते बोटांत बसलंय, आता बदलणार नाही.

आणि आता ज्यासाठी मुख्यतः हे लिहायला घेतलं ते. त्याच फाईलमध्ये ऑप्शन्सची ओळ आहे. तिथे ऑल्ट-शिफ्टने लेआउट बदलायची सूचना आधीपासून होती. मी तिच्यापुढे स्वल्पविराम देऊन आणखी एक घातली: जीआरपी, अधोरेघ, एलईडी, कोलन (दोन टिंबं), स्क्रोल. मशीन बंद करून चालू केलं. लॉगिनला ऑल्ट-शिफ्ट दाबलं आणि कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यातला तिसरा दिवा लागला. स्क्रोल लॉकचा, जो आजवर कधी लागलेलाच पाहिला नव्हता. मराठी चालू तर दिवा चालू, इंग्रजी असेल तर बंद. मला इतका आनंद झाला की अण्णांना हाक मारून दाखवलं. पासवर्ड ठिपक्यांत असतो, पडद्यावर काय चाललंय ते दिसत नाही, पण हा हिरवा ठिपका हाताशीच दिसतो. लॉगिनच्या पट्टीवर लेआउटचं चिन्हही आणता येतं, मी आणलंय, पण कोपऱ्यातली ती दोन बारीक अक्षरं अण्णांना चष्मा लावूनही दिसत नाहीत. दिवा दिसतो.

एक अट आहे. डेस्कटॉपवरच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये, लेआउटच्या भागात, "यूज सिस्टिम डिफॉल्ट्स" चालू ठेवायचं. नाहीतर आत गेल्यावर खात्याची वेगळी सेटिंग लागते आणि दिव्याची सूचना पुसली जाते. चालू ठेवलं की दोन्हीकडे एकच कारभार.

इथपर्यंत एप्रिलमध्ये लिहून ठेवलं होतं आणि खाली "प्रश्न कायमचा मिटला" असं वाक्य होतं. ते वाक्य मी खोडलं आहे. मे महिन्यात एका दुपारी भाडेकरार अर्धा टाईप करून स्क्रीन लॉक केली आणि जेवायला गेले. आल्यावर पासवर्ड चुकला. लॉक स्क्रीन आणि लॉगिन स्क्रीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मशीन नव्याने सुरू झालं की लॉगिनचा पडदा त्या फाईलमधल्या पहिल्या लेआउटवर येतो, म्हणजे आता इंग्रजीवर. लॉक स्क्रीन मात्र आपल्याच सत्रात चालते, लॉक करताना मराठी होतं तर मराठीच राहतं. त्या दिवशी घाबरले नाही, कारण दिवा लागलेला होता. ऑल्ट-शिफ्ट, दिवा विझला, पासवर्ड टाकला. आधी माझं मत होतं की लॉगिनमधून मराठी काढूनच टाकावं. आता मत बदललंय. मराठी राहू द्यावं, इंग्रजी पहिलं ठेवावं आणि दिवा लावून घ्यावा.

सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदलेत, त्यामुळे आमच्या भागात लाइट वरचेवर जाते आणि यूपीएसची बॅटरी जुनी आहे. दिवसातून दोनदा मशीन परत चालू होतं. एप्रिलपासून एकदाही लॉगिनला अडले नाही.

भावाच्या दुकानात विंडोज ११ आहे, तिथे हीच अडचण कंट्रोल पॅनेलमधून सुटते. रीजन, मग ॲडमिनिस्ट्रेटिव्हचा टॅब, मग कॉपी सेटिंग्ज. आधी आपल्या खात्यात इंग्रजी पहिलं ठेवायचं आणि मग खालच्या "वेलकम स्क्रीन"च्या चौकटीत खूण करायची. दहा मिनिटांचं काम आहे, दिवा मात्र नाही.

बाकी मशीनचं थोडक्यात. उन्हाळ्यात पंखा आवाज करतो. प्रिंटर पहिल्याच दिवशी लागला. जुन्या फॉन्टमधल्या फायली नीट उघडत नाहीत, त्या मी परत युनिकोडमध्ये टाईप करते आहे. वीज जुन्या मशीनपेक्षा कमी खातं असं वाटतं, मोजलेलं नाही. साडेनऊ हजारांत मी समाधानी आहे. ज्याने न समजता फॉरमॅट सांगितलं त्याच्यावर मात्र नाही, साडेतीनशे परत मागितले तर तो म्हणाला व्हिजिट ती व्हिजिट.

गेल्या महिन्यात चहा सांडून कीबोर्डची स्पेसबार अडकायला लागली. नवीन कीबोर्ड आणला, त्याला दोनच दिवे, स्क्रोल लॉकचा नाही. त्याच संध्याकाळी परत करून आले. जुना उघडून, धुऊन, उन्हात वाळवून परत लावलाय, अजून थोडी अडकते. तीन दिवेवाला साधा वायरचा कीबोर्ड नाशिकमध्ये कुठल्या दुकानात मिळतो, हे कोणाला माहीत असेल तर किमतीसकट सांगा. पाचशेच्या आत हवा.