गरुड पाहण्याची सहल : उत्सव उत्तम, दुभाष्या चुकीचा

मंगोलियाच्या पश्चिम टोकाला, बायान-उल्गी प्रांतात, १९९९ पासून ऑक्टोबरच्या सुरुवातीला भरणारा सोनेरी गरुडांचा उत्सव आम्ही दादरच्या एका सहल कंपनीबरोबर पाहून आलो. तक्रारही करायची असल्याने कंपनीचे नाव देत नाही.

विमाने, व्हिसा, थंडीबाबतच्या सूचना यांत खोट काढण्यासारखे काही नव्हते. शाकाहारी जेवणाचे आश्वासन मात्र उल्गी गावापर्यंतच टिकले. पुढे घरच्या ठेपल्यांनीच तारले.

उत्सवाविषयी बोलायचे तर, कोल्ह्याच्या कातड्याच्या टोप्या आणि भरतकाम केलेले अंगरखे घातलेले कझाक शिकारी हातावर गरुड घेऊन घोड्यांवरून रांगेने मैदानात उतरतात, तेव्हा माहितीपत्रकातील एकही विशेषण अतिशयोक्त वाटत नाही. डोंगरावरून सोडलेली गरुडमादी खालून हाकारणाऱ्या मालकाच्या हातावर किती लवकर उतरते, यावर गुण ठरतात. पण हे सारे आम्ही नुसते पाहिले. येथील बहुतेक लोक कझाक बोलतात आणि कंपनीने दिलेला दुभाष्या मंगोल भाषेचा होता. वयस्कर शिकाऱ्यांशी बोलताना तो आमच्याइतकाच मुका ठरला.

ही उणीव भरून निघाली ती जादा पैसे मोजून घेतलेल्या अर्ध्या दिवसाच्या घरभेटीत, कारण यजमानांच्या शाळकरी मुलीला इंग्रजी येत होते. शिकारीसाठी मादीच का, तर ती नराहून मोठी आणि ताकदवान असते. शिकारीच्या दिवसांत तिला रक्त धुऊन काढलेले, पाण्यात भिजवून पांढुरके झालेले मांस देतात, म्हणजे पोट भरल्यासारखे वाटते पण भूक शाबूत राहते. पोट भरलेला पक्षी हाकेला परतत नाही. डोळ्यांवरची चामडी टोपी, ‘तोमागा’, चढवली की ती क्षणात शांत होते. यजमानांनी ती टोपी काढताच मानेवरची सोनेरी पिसे फुलली आणि तिने माझ्याकडे नव्हे, माझ्या खांद्यावरून दूरच्या उतारावर पाहिले. पाच-सहा किलोंचे ते वजन जाड हातमोज्यावर मिनिटभर पेलताना माझा हात थरथरू लागला, तेव्हा घोड्याच्या खोगिराला हात टेकवायची दुबेळकी काठी, ‘बालदाक’, कशासाठी असते हे वेगळे विचारावे लागले नाही. काही वर्षे शिकार करून झाल्यावर पक्ष्याला पुन्हा रानात सोडण्याची रीत आहे, हे सांगताना यजमान क्षणभर थांबले होते.

सहल घ्यावी, पण कझाक जाणणारा दुभाष्या लेखी मागून घ्यावा आणि घरभेट वगळू नये. मैदानाबाहेर पैसे घेऊन एकच पक्षी तासभर हातोहात फिरवला जात होता. त्याची चोच उघडी पडली होती, तरी आमच्या टूर मॅनेजरने सर्वांना रांगेत उभे केले. हे मी कंपनीला ईमेलने कळवले. उत्तरादाखल पुढील वर्षीचे माहितीपत्रक आले. त्याच्या मुखपृष्ठावर हातावर गरुड घेतलेला पर्यटकच आहे.