डबल इम्युनो की इम्युनो प्लस गोळी? किडनी कॅन्सर आणि हार्टचा प्रश्न

आमच्या मामांचा किडनीचा कॅन्सर पसरलेला निघाला तेव्हा डॉक्टरांनी दोन पर्याय ठेवले, निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही दोन्ही इम्युनोथेरपीची, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारी इंजेक्शनं (डबल इम्युनो), नाहीतर पेम्ब्रोलिझुमॅब हे तसलंच एक इंजेक्शन आणि रोज दोनदा ॲक्सिटिनिबची गोळी. मामांना जुना बीपी, म्हणून आम्ही हार्टवरच अडकलो.

डबल इम्युनोत प्रतिकारशक्तीचे दोन ब्रेक सोडतात, मग कधीकधी ती हृदयाच्या स्नायूवरच उठते, त्याला मायोकार्डायटिस म्हणतात. होतो क्वचितच. २०१६ च्या एका अभ्यासात नुसत्या निवोलुमॅबला ०.०६ टक्के आणि दोन्ही मिळून ०.२७ टक्के असा आकडा होता, नंतर नीट शोधायला लागल्यावर काही ठिकाणी एक टक्क्याच्या आसपास सापडला. पण ज्यांना होतो त्यांच्यात दगावणारे खूप, आणि बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांतच होतो, कधी पहिल्या डोसनंतरच. धाप, छातीत धडधड, पापणी जड होऊन खाली येणं, डबल दिसणं, यातलं काहीही झालं तर वाट बघायची नाही, लगेच डॉक्टरांना गाठायचं. टूडी इको नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका, बऱ्याच जणांचा तो नॉर्मलच असतो, ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) हवंच. निदान झालं की इंजेक्शन बंद आणि शिरेतून मोठ्या डोसचं स्टेरॉइड.

गोळीवाल्यात इम्युनो एकच, म्हणजे हा धोका कमी पण शून्य नाही, वर बीपी चढतो. मात्र तो घरी दिसतो. मामांना तिसऱ्या आठवड्यात चहाआधी मशीन लावलं तर १७२/१०४, लगेच फोन केला, गोळी थांबवली, दोन दिवसांत खाली आला. गोळी थांबली की बीपीची औषधंही विचारून कमी करावी लागतात, नाहीतर चक्कर येते.

कॅन्सर कुठल्या रिस्क ग्रुपमधला आहे ते आधी विचारा, कारण डबल मुख्यतः इंटरमीजिएट आणि पुअर रिस्कला देतात. मामांचा फेव्हरेबल, म्हणजे त्यातल्या त्यात कमी जोखमीचा होता. आणि ते दिंडोरीला द्राक्षाच्या मळ्यात एकटे झोपतात, रात्री दम लागला तर नाशिकला आणणार कोण, हे मला आकड्यांपेक्षा मोठं वाटलं. आम्ही गोळीवालाच घेतला, तरी पहिले तीन महिने त्यांना पंचवटीत आमच्याकडेच ठेवलं, आणि डोसआधीच्या रक्तातच ट्रोपोनिनही लिहून घेतो, वेगळं टोचावं लागत नाही.