मार्कडाउनमध्ये आत्याच्या ओव्या: आठ महिने वापरल्यावर

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी माझ्या आत्याच्या ४१२ ओव्यांचं सरसकट गद्य झालं. शब्द तेच, एक अक्षरही इकडचं तिकडे नाही. पण प्रत्येक ओवीचे दोन्ही चरण एका ओळीत शेजारी येऊन बसले होते आणि मोबाइलची कड लागेल तिथे ओळ तुटत होती. जात्याचा फेरा पुरा होऊन आत्या जिथे श्वास घेते, ती जागाच गेली. रडू यायचं बाकी होतं. मार्कडाउन आता बंद, असं मी त्या रात्री घरात सांगूनही टाकलं.

आज तेच वापरून हे लिहितेय, म्हणून मधलं सगळं सांगते. मार्कडाउन म्हणजे साध्या मजकुरातच #, * अशा खुणा घालून शीर्षक, ठळक अक्षरं वगैरे सांगायची पद्धत.

मार्कडाउनकडे मी वळले ती पैशांमुळे. वर्ड प्रोसेसरची वर्षाची वर्गणी संपत आली होती, आणि चार शब्द ठळक करण्यासाठी दर वर्षी तेवढे पैसे मोजायला मन घेत नव्हतं. शिवाय घरात एक जुनी जखम आहे. २००३ साली चुलतभावाने याच ओव्यांतल्या शंभरेक एका डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केल्या होत्या. ती फाइल आज उघडली की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गोळा दिसतो. त्याचे दोन महिने पाण्यात गेले. साध्या मजकुराची युनिकोड फाइल असं दगा देत नाही. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत ३ बाइट खातं, तरी आत्याच्या सगळ्या ओव्या मिळून जेमतेम १०० केबी होतात.

शीर्षकाला #, ठळकला दोन्ही बाजूंनी **, हे एका दिवसात हाताला बसतं. मी इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर टाइप करते, तिथे मात्र बोट अडखळतं. शिफ्ट दाबून ८ दाबला की * येत नाही, ‘श्र’ येतो. # च्या जागी रफार-रकारातला रकार उमटतो. म्हणजे प्रत्येक खुणेला कीबोर्ड बदला, खूण करा, परत मराठीत या. सवय झाली, पण आवडलं कधीच नाही.

आता मूळ दुखणं. मार्कडाउनमध्ये एकदा एंटर मारला तर ओळ तुटत नाही, पुढची ओळ आधीच्या ओळीला जोडली जाते. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये हे आणलं तेव्हा साध्या मजकुराच्या ईमेलची रीत समोर ठेवली होती. त्या ईमेलमध्ये लोक ठरावीक रुंदीला ओळ मोडत, त्यामुळे एका एंटरला अर्थ नसे. गद्याला हे छान चालतं. ओवीला, अभंगाला, आरतीला अजिबात चालत नाही. आपल्याकडे ओळ कुठे मोडायची हे कागद ठरवत नाही, गळा ठरवतो.

यावर सांगितलेला उपाय म्हणजे ओळीच्या शेवटी दोन स्पेस. डोळ्यांना न दिसणाऱ्या दोन स्पेस! सात महिने मी प्रत्येक पहिल्या चरणाच्या शेवटी त्या दिल्या, कर्सर नेऊन मोजून घेतल्या. मग एडिटरचं नवं व्हर्जन आलं आणि त्यात ‘ओळीअखेरच्या रिकाम्या जागा काढा’ ही सोय आपोआप सुरू झाली. मी सेव्ह केलं आणि सगळं साफ. बनवणाऱ्यांना लिहिलं, तर तीन दिवसांनी उत्तर आलं की ही बिघाडाची तक्रार धरता येणार नाही, प्रोग्रामरांना हे हवंच असतं. असेलही हवं. पण मला विचारायला नको? अजून राग गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी डोकं थंड झाल्यावर मूळ फाइल उघडून बघितली, आणि तिथे माझं मत फिरलं. फाइलमध्ये प्रत्येक चरण आपापल्या ओळीवर उभा होता. गेलं होतं ते फक्त दाखवण्यात. वर्ड प्रोसेसरची फाइल बिघडते तेव्हा आत काय उरलंय हे कळतच नाही. इथे सगळं उघड्यावर होतं. २०१४ मधल्या कॉमनमार्कच्या, म्हणजे मार्कडाउनच्या नेमक्या लिहून काढलेल्या नियमांत ओळीच्या शेवटी \ दिलेलं चालतं. ते निदान दिसतं तरी, पण इनस्क्रिप्टवर त्या कीला ‘ॉ’ येतो, म्हणून ४१२ वेळा ते करायची माझी तयारी नव्हती. शेवटी पॅनडॉक सापडलं, मार्कडाउनची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलून देणारा प्रोग्राम. जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी लिहिलेलं, फुकट. त्याच्या कमांडमध्ये ‘हार्ड लाइन ब्रेक्स’ हे एक्स्टेंशन जोडलं, की प्रत्येक एंटरला ओळ तुटते. एक कमांड, आणि सगळ्या ओव्या परत उभ्या राहिल्या. स्पेस मोजण्यात गेलेले सात महिने आठवून जीव हळहळला, पण आनंद त्याहून मोठा होता.

आणखी एक गोष्ट, कारण ती मराठीत रोज लागते. बोलीतले शब्द मी अवतरणात ठळक करत होते: **'खुंट्या'**ला. इथे तारे तसेच उघडे दिसतात. मिटणाऱ्या ताऱ्यांच्या आधी अवतरणचिन्ह आणि लगेच पुढे अक्षर आलं, तर नियमाप्रमाणे ते मिटत नाहीत. इंग्रजीत शब्दानंतर जागा सुटते, आपला प्रत्यय मात्र चिकटून बसतो. तारे अवतरणाच्या आत घ्या, '**खुंट्या**'ला, की बरोबर होतं. हे शोधायला मला एक अख्खा रविवार लागला.

१. २. असे मराठी आकडे घातले तर यादी होत नाही, इंग्रजी आकडेच घालावे लागतात. सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपान कसं दिसावं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, यादीचा प्रकार ‘देवनागरी’ केला की वाचणाऱ्याला मराठी आकडे दिसतात. आणि परिच्छेद सुरू करताना चार स्पेस सोडायची शाळेतली सवय असेल तर ती सोडा, नाहीतर तो परिच्छेद कोड समजून वेगळ्याच अक्षरांत छापला जातो.

परवा मोठ्या अक्षरांत प्रिंट काढून आत्याकडे नेलं. तिने चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचायला लागली. ओळ संपली की बोट थांबायचं, श्वास घ्यायची, मग खालच्या ओळीवर यायची. दहाव्या-अकराव्या ओवीनंतर कागद बाजूला ठेवून म्हणाली, “याच्या पुढची राहिली की गं, लिही.” मी फोनवरच लिहून घेतल्या, चरणाच्या शेवटी एकेक एंटर मारत. आता फाइलमध्ये ४१९ आहेत.