कॅनडात अटक: पोलिसाची आणि दुकानदाराची

कॅनडाच्या फौजदारी संहितेत वॉरंटशिवाय अटक पोलिसही करू शकतो (कलम 495) आणि तुमच्याआमच्यासारखा माणूसही (कलम 494). पण दोघांच्या हातातली दोरी सारखी लांब नाही. गंभीर गुन्हा झाला किंवा होऊ घातलाय असं मानायला सबळ कारण असलं की पोलिसाला पुरतं. इतरांना तो बहुतेक वेळा डोळ्यांदेखत घडलेला लागतो. मॉलमधला सिक्युरिटी गार्डही सहसा याच दुसऱ्या गटात, गणवेश कितीही कडक असो.

2009 मध्ये टोरोंटोच्या चायनाटाउनमधल्या एका दुकानदाराने, चोरी करून तासाभराने परत आलेल्या चोराला पकडून बांधलं आणि व्हॅनमध्ये घातलं. गुन्हा दाखल झाला तो दुकानदारावरही! पुढे तो निर्दोष सुटला. 2012 मध्ये संसदेने कायदा बदलला: पोलिसांनी येणं शक्य दिसत नसेल, तर मालमत्तेचा मालक वाजवी वेळेत नंतरही चोराला धरू शकतो. मात्र लगेच पोलिसांच्या ताब्यात द्यायचं.

पोलिसाने अटकेचं कारण आणि वकिलाचा हक्क ताबडतोब सांगायचा. कोठडीत ठेवलंच तर साधारण 24 तासांत न्यायाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. किरकोळ प्रकरणात बऱ्याचदा हजेरीची नोटीस देऊन सोडतातही. माझं विचाराल तर दुकानदाराने चेहरा नीट लक्षात ठेवावा आणि 911 लावावा.