ग्राफिक कार्ड खालच्या स्लॉटमध्ये लावून दिलं तर मशीन उचलू नका

असेंबल केलेलं कॉम्प्युटरचं मशीन घेत असाल तर आधी कॅबिनेटच्या काचेतून बघा, ग्राफिक कार्ड कुठं बसवलंय. बोर्डावर (म्हणजे मदरबोर्ड, ज्यावर सगळे भाग बसतात) प्रोसेसरच्या लगतच्या, वरच्या लांब स्लॉटमध्ये, म्हणजे कार्ड खोचायच्या जागेत, असेल तर ठीक. खालच्या स्लॉटमध्ये असेल आणि वरचा रिकामा असेल, तर का, ते विचारा आणि मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवू नका. मी विश्वास ठेवला आणि ५८,५०० रुपयांच्या मशीनमध्ये मेलेल्या स्लॉटचा बोर्ड नवा म्हणून माझ्या गळ्यात मारला गेला. दुकानाचं नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढं आहे आणि वकिलांनी सक्त ताकीद दिलीय. बाकी सगळं लिहितो.

माझं सेलूत लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचं काम आहे. जुन्या मशीनवर फुल एचडी निघायचं, पण आता खेड्यातल्या पार्टीलाही फोरके आणि ड्रोन पाहिजे. म्हणून लग्नसराईच्या तोंडावर संभाजीनगरला जाऊन मशीन घेतलं. दुकानदारानं भाव असे लावले: रायझन ५ ३६०० प्रोसेसर ७,०००, बी४५० बोर्ड ८,२००, आरटीएक्स ३०६० बारा जीबी कार्ड २१,५००, बत्तीस जीबी रॅम ६,४००, एक टीबी एसएसडी ५,३००, साडेसहाशे वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) ५,०००, कॅबिनेट ३,६०० आणि फिटिंग १,५००. प्रोसेसर आणि कार्ड वापरलेलं आहे हे त्यानं सांगितलं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बोर्ड मात्र 'एकदम नवा, बॉक्सपॅक' म्हणून दिला. २५,००० यूपीआयनं, ३३,५०० रोख. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, अठरा टक्के जीएसटीचे १०,५३० वेगळे पडतील. मग वहीतल्या पानावर 'एस्टिमेट' लिहून दिलं. पक्कं बिल का घेतलं नाही म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं की दहा हजार जास्तीचे कोण देतं. अख्खा बाजार असाच चाललाय.

आता जिथं माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं तो क्षण. काउंटरवर मशीन चालू होतं. काचेतून दिसलं की कार्ड खालच्या स्लॉटमध्ये आहे आणि वरच्या स्लॉटवर काळी रबरी टोपी बसवलीय, धूळ जाऊ नये म्हणून असते तशी. मी विचारलं, "भैय्या, वर का नाही बसवलं?" तो लगेच म्हणाला, "भाऊ, आपल्याकडं मे महिन्यात काय ऊन असतं? वर बसवलं की प्रोसेसरची सगळी गरमी कार्डाला लागते. खाली हवा खेळती राहते. एडिटिंगवाल्यांना मी सगळ्यांना असंच देतो."

म्हणजे मी विचारलं होतं. डोळे झाकून पैसे मोजले असं कुणी म्हणू नये. माझा स्टुडिओ पत्र्याखाली आहे, दुपारी एकनंतर तिथं बसवत नाही. उन्हाचं कारण मला खोटं कसं वाटणार? ती टोपी काढून बघायची होती म्हणणारे आता पुष्कळ भेटतात. दुसऱ्याच्या दुकानात, चालू मशीनमध्ये हात घालून कोण टोप्या काढतं? पण ती टोपी अजूनही डोळ्यांपुढून जात नाही. एक बोटभर रबर उचललं असतं तर सगळा खेळ तिथंच उघडा पडला असता.

वरून त्यानं मला फरमार्क, म्हणजे कार्डावर ताण देऊन बघायची टेस्ट, चालवून दाखवली. गोल केसाळ आकृती फिरते ते. पंधरा मिनिटं फिरलं, तापमान बरोबर, आकडे बरोबर. नंतर कळलं की त्या टेस्टमध्ये कार्ड तापतं, पण बोर्ड आणि कार्ड यांच्यामध्ये डेटाची ये-जा जवळजवळ होतच नाही. स्लॉट कितीही कमी वेगाचा असो, फरमार्क तेच आकडे दाखवणार. गेम खेळणाऱ्या पोरांनाही हे पटकन कळत नाही, कारण बरेच गेम एकदा लोड झाले की कार्डाच्या स्वतःच्या मेमरीतूनच चालतात. त्यामुळं हा माल खपतो. दुकानात फरमार्क दाखवून कुणी 'ओके' म्हणालं तर मान हलवू नका.

घरी आणलं आणि दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फोरकेचं फुटेज टाकलं तर टाइमलाइन अडकायला लागली. नॉइज रिडक्शन लावलं की फ्रेम सुटायच्या. कार्डाचा वापर मात्र कधी तीस टक्के, कधी चाळीस. कार्ड रिकामं बसून राहायचं आणि रेंडर संपायचं नाही. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून बघितलं तर बस इंटरफेसच्या ओळीत होतं: पीसीआयई एक्स१६ ४.०, आणि पुढं, चालू आहे एक्स४ १.१. पीसीआयई म्हणजे बोर्ड आणि कार्ड यांच्यामधला डेटाचा रस्ता, एक्सपुढचा आकडा म्हणजे त्यातल्या लेन, आणि शेवटचा आकडा म्हणजे वेगाची पिढी.

फोन केला तर म्हणाला, "कार्ड रिकामं असलं की असंच दाखवतं. वीज वाचवतं ते." यात निम्मं खरं आहे, आणि याच निम्म्या खऱ्यानं मला लटकवलं. रिकामं असताना कार्ड वेग उतरवतं, ४.० चं १.१ होतं, हे बरोबर. जीपीयू-झेडमध्ये त्या ओळीपुढं प्रश्नचिन्ह असतं, ते दाबून रेंडर टेस्ट चालू केली की खरा वेग दिसतो. माझ्याकडं टेस्ट चालू असताना १.१ चं २.० झालं, पण एक्स४ चं एक्स४ च राहिलं. लेनची संख्या हलली नाही की समजा, गडबड आहे. जीपीयू-झेड नसेल तर एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टीम इन्फर्मेशन उघडा, तिथं 'बस' म्हणून ओळ असते, तीच माहिती. दुकानात उभं राहून दोन मिनिटांत बघता येतं.

हे सांगितलं तर दुसरं कारण आलं, "रायझनचे प्रोसेसर कमीच लेन देतात." तेही निम्मं खरं. २२००जी, ३४००जी असे ग्राफिक्सवाले जुने रायझन ग्राफिक कार्डाला आठच लेन देतात. माझा ३६०० पूर्ण सोळा देतो. तिसरं कारण, "आगगाडीत हादरे बसून कार्ड ढिलं झालं असेल." मी मशीन पूर्ण प्रवासभर मांडीवर धरून आणलं होतं!

तरी जे जे करतात ते सगळं केलं. कार्ड काढून सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून परत बसवलं. सीमॉस क्लिअर केलं, म्हणजे बोर्डाची सेटिंग मूळपदावर आणली. बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, स्लॉटचा वेग ऑटोवरून जेन ३ (म्हणजे ३.०) करून बघितला. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये पीसीआय एक्सप्रेसची वीजबचत बंद केली. काही बोर्डांवर एम.२ एसएसडी लावली की शेजारच्या स्लॉटच्या लेन कमी होतात, म्हणून तीही काढून बघितली. एक्स४ ते एक्स४. कार्ड वर बसवून बघू म्हटलं, तर बोर्डाच्या स्क्रूवर स्टिकर, 'काढल्यास वॉरंटी रद्द'. फोनवर म्हणाला, "कार्ड वर घेतलं तर वॉरंटी माझी नाही." म्हणून मी हात लावला नाही. आता कळतंय ते स्टिकर कशासाठी होतं.

मग मशीन परत त्याच्याकडं नेलं. 'बायॉस अपडेट'चे १,२०० घेतले, लग्नाची तारीख तोंडावर असताना मशीन ठेवून घेतलं आणि "आता बघा, लोणी चालेल" म्हणून परत दिलं. घरी येऊन बघतो तर बायॉसची आवृत्तीही तीच आणि तारीखही तीच. नुसता फडका मारून दिला होता. त्या पार्टीची कॅसेट वेळेत गेली नाही म्हणून त्यांनी ८,००० कापले, आणि पुढच्या दोन ऑर्डर जालन्याच्या एडिटरकडून करून घ्यायला ६,५०० गेले. (आम्ही अजून कॅसेटच म्हणतो, देतो पेनड्राइव्ह.)

शेवटी परभणीत मोबाइलची आयसी बदलणारा एक जाणकार पोरगा आहे, त्याच्याकडं नेलं. ६०० रुपये घेतले, पण काम चोख. त्यानं आधी माझं कार्ड स्वतःच्या बोर्डावर लावलं. लोड देताच एक्स१६. म्हणजे कार्ड निर्दोष. मग माझ्या बोर्डाची टोपी काढून वरचा स्लॉट मायक्रोस्कोपखाली धरला आणि मला म्हणाला, "काका, या, बघा." स्लॉटमध्ये जी खाच असते, तिला लागूनच दोन पिना मागं दुमडलेल्या होत्या आणि एक जागेवरच नव्हती. टोकाची प्लास्टिकची कडी मोडून परत चिकटवलेली, गोंदाचा पिवळा थेंब तसाच. खाचेलगतच्या त्या पिनांवरून क्लॉकचा सिग्नल आणि पहिली लेन जाते. त्या गेल्या की कार्ड एक्स८ वर किंवा एक्स४ वर चालणं दूरच, बोर्डाला ते दिसतच नाही. वर बसवून बघितलं, डिस्प्ले आला नाही.

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. स्लॉट मेलेला माहीत होता म्हणून कार्ड खाली, म्हणून टोपी, म्हणून स्टिकर, म्हणून उन्हाची गोष्ट. आणि बोर्डावरचा सिरीयल नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळत नव्हता. खोकं दुसऱ्याच बोर्डाचं होतं. घेताना हे दोन नंबर ताडून बघा, बिलावर लिहून घ्या, कच्चं असलं तरी.

यात नुकसान किती ते सांगतो, कारण 'एक स्लॉट काय, दुसरा स्लॉट काय' असं मला शिकलेली माणसंसुद्धा म्हणाली. बी४५० चा वरचा स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असतो, पीसीआयई ३.० च्या सोळा लेन, सेकंदाला जवळपास सोळा जीबी. खालचा दिसायला तेवढाच लांब, पण आत चारच लेनच्या तारा, आणि माझ्या बोर्डावर त्या चिपसेटमधून, म्हणजे बोर्डावरच्या वेगळ्या चिपमधून, २.० च्या वेगानं येतात. सेकंदाला दोन जीबी. आठवा हिस्सा! चौपदरी रस्त्याचे पैसे घेऊन पाणंदीनं पाठवल्यासारखं झालं. खालचा स्लॉट आतून नीट बघितला तर अर्ध्याच्या पुढं पिनाच नाहीत. टॉर्च मारा, दिसतं.

एवढा पुरावा घेऊन ठाण्यात गेलो. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मशीन चालू आहे ना?" म्हटलं, चालू आहे, पण कमी वेगानं. "कमी वेगानं म्हणजे चालतंच ना. मग फसवणूक कसली?" फोटो दाखवले, बघितले नाहीत. म्हणाले दिवाणी मॅटर आहे. खोटं बोलून मेलेला बोर्ड नवा म्हणून विकणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ कशासाठी आहे? मग म्हणाले, दुकान तिकडचं, तिकडं जा. तिकडं गेलो तर म्हणाले, तुम्ही राहता तिकडं द्या. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय. ते सांगितलं तर "आम्हाला कायदा शिकवायलाव का?" नंतर सायबरकडं पाठवलं, कारण २५,००० यूपीआयनं दिले होते. सायबरवाले म्हणाले, तुम्ही समोर उभं राहून दिले, हे ऑनलाइन नाही. त्यांचं एका अर्थी बरोबर आहे, १९३० नंबर ऑनलाइन पैसे गेले तर आहे. पण मग मला तिथं पाठवलं कशाला? आमच्यासारख्याचा एक दिवस बुडतो, गाडीभाडं जातं, ऑर्डर जाते, आणि टेबलाच्या पलीकडं कुणी मान वर करून बघत नाही. अर्जावर पोच द्यायलाही तयार नव्हते. पोच घेतल्याशिवाय उठू नका. नाहीच दिली तर तोच अर्ज पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा, कायद्यात तशी सोय आहे.

बोर्डाच्या कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांनी मोडतोड वॉरंटीत बसत नाही म्हणून हात वर केले. मोडतोड मी केलेली नाही, हे ऐकून घ्यायलाच कुणी तयार नाही.

ग्राहक आयोगात जायला निघालो तेव्हा एका ओळखीच्या माणसानं घाबरवलं, "तू धंद्यासाठी घेतलं, तू ग्राहक नाहीस." हे खोटं आहे. पोटापाण्यासाठी स्वतः राबून स्वयंरोजगार करणारा माणूस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. आणि दुकान कुठंही असो, तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते. मी ऑनलाइन, ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर केली. कच्चं बिल, यूपीआयची नोंद, व्हॉट्सअॅपवरची त्याची उत्तरं, स्लॉटचे फोटो आणि त्या पोराचं लेखी म्हणणं, एवढं जोडलं. मोबाइलमधल्या पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते वकिलाकडून बनवून घ्या.

मशीन दाखवायला न्याल तेव्हा उघडण्यापासून व्हिडिओ काढा. नाहीतर पिना तुम्हीच मोडल्या म्हणतील. माझ्या वकिलांनी पहिला प्रश्न हाच विचारला, आणि त्या पोरानं स्वतःहून व्हिडिओ काढून ठेवला होता म्हणून मी वाचलो.

काम थांबून चालत नाही म्हणून ७,९०० चा दुसरा बोर्ड घेतला, या वेळी पक्क्या बिलावर. तेच कार्ड, तोच प्रोसेसर, लोड देताच एक्स१६ ३.०, आणि फोरकेची टाइमलाइन न अडकता पळते. जुना बोर्ड टोपीसकट सील करून वकिलांकडं ठेवलाय. परवा दुकानदारानं ओळखीच्या माणसाकडून निरोप पाठवला, ५,००० घे आणि तक्रार मागं घे. बोर्डाचे ८,२००, खोट्या अपडेटचे १,२००, कापलेले ८,०००, बाहेर दिलेले ६,५०० आणि तपासणीचे ६००, असे २४,५०० मी मागितलेत. त्यातला एक रुपया सोडणार नाही, असं त्याच माणसाकडून उलट कळवलंय.