इसबगोल की कांदा-लसूण बंद?

आयबीएसमुळे (इरिटेबल बाऊल सिंड्रोम, आतड्यांचा एक चिवट त्रास) ओटीपोटात मुरडून येणारी कळ माझ्या रोजची झाली होती. दोन्ही उपाय करून पाहिले.

इसबगोल स्वस्त आणि सोपं. चमचाभर भुसा पेलाभर पाण्यात ढवळायचा आणि लगेच प्यायचा. फोन घ्यायला गेलात की खळ झालीच. पाणी कमी पडलं तर उलट कोंडतं. गव्हाच्या कोंड्याने माझं पोट फुगायचं, याने नाही. गुण यायला मात्र तीनेक आठवडे लागले.

ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाचा लो-फॉडमॅप आहार, म्हणजे आतड्यात आंबून गॅस धरणारी काही कर्बोदकं टाळायची, हे मोठं प्रकरण. कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध 2 ते 6 आठवडे बंद, मग एकेक परत. कांद्याशिवाय रस्सा! सासूबाईंना वाटलं, चातुर्मास धरलाय. पळवाट एकच: अख्ख्या लसूणपाकळ्या तेलात परतून काढून टाकायच्या. लसणातलं त्रास देणारं कर्बोदक, फ्रुक्टान, तेलात उतरत नाही, स्वाद उतरतो. पोळीऐवजी ज्वारीची भाकरी.

कळ याच वाटेने जास्त कमी झाली. तरी मी म्हणेन, आधी इसबगोल. आहाराचा घाट आहारतज्ज्ञाला विचारूनच. शौचातून रक्त जात असेल किंवा वजन उगाच घटत असेल, तर दोन्ही बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.